बुश रबराचाच बरा!

खेड्यातल्या जुन्या गाडीला उसंत नसते. पहाटे दुधाचे कॅन, मग शाळेची पोरे, दुपारी खताची पोती, बाजाराच्या दिवशी बायाबापड्या आणि रात्री-अपरात्री एखादी अडलेली बाळंतीण. गाडी मात्र एकच. कमांडर असेल, सुमो असेल, बोलेरो असेल, नाहीतर मारुती ओम्नी. वय पंधरा-वीस वर्षांचे. मालक इंजिनावर जीव टाकतो, ऑइल वेळेवर बदलतो, दसऱ्याला हार घालतो, काचेवर देवाचे नाव नव्याने रंगवून घेतो. गाडीखाली वाकून मात्र वर्षानुवर्षे कोणी बघत नाही. तिथे मुठीत मावतील एवढे रबरी तुकडे सगळा भार सोसत बसलेले असतात. त्यांना बुश म्हणतात. ते खलास झाले की गाडी खडखडते, टायर खाते, ब्रेक मारला की एका अंगाला ओढते, आणि एखाद्या दिवशी वळणावर दगा देते.

‘एवढी जुनी झाली तर विका की!’ असे शहरातला पाहुणा सहज सांगून जातो. पण नव्या गाडीचा हप्ता दुधाच्या पगारातून निघत नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक. कायद्यानेही खासगी गाडी पंधरा वर्षांनी बाद होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे गाडी तपासणीत उतरली की ५-५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. फी तेवढी चढत गेली आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ती १०,००० रुपयांवर गेली. सरकारची स्वतःची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पंचायतींच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनी संपते. म्हणजे साहेबांची जीप भंगारात जाते आणि शेतकऱ्याची जीप रस्त्यावर राहते. ती राहणारच असेल तर धडधाकट राहावी, एवढेच आपल्या हातात आहे.

म्हणून या छोट्या तुकड्याबद्दल रोखठोक सांगायचे आहे. रोज चालणाऱ्या जुन्या गाडीला कंपनीने दिला होता तसाच रबरी बुश घालावा, दोन्ही बाजूंना जोडीने घालावा आणि बसवताना घाई करू नये. ‘कडक तो टिकाऊ’ ही समजूत आपल्या रस्त्यांवर महागात पडते.

बैलगाडीचा नळा आणि जीपचा बुश

बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळा असतो. चाकाबरोबर तो आखाभोवती फिरतो. वंगण घातले नाही तर तो कुरकुरतो, झिजतो. हे आपल्या हाडीमांसी खिळलेले आहे. त्यामुळे जीपच्या खालून ‘कुईं कुईं’ आवाज आला की आपला पहिला उपाय ठरलेला: टाका जळके ऑइल!

इथेच घोटाळा होतो. रबरी बुशाला आतून एक लोखंडी नळी असते, बाहेरून दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये रबर पक्के चिकटवलेले असते. मिस्त्री लोक त्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बोल्ट आवळला की आतली नळी एका बाजूला घट्ट धरली जाते, बाहेरची नळी पाट्याच्या गोल डोळ्यात घट्ट बसते. फिरत कोणीच नाही. पाटा वर-खाली होतो तेव्हा मधले रबर पीळ खाते आणि पुन्हा सरळ होते. त्यात घासण्याजोगे काही नाही, म्हणून वंगणही लागत नाही. उलट ऑइल, डिझेल किंवा ग्रीस लागले तर नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि चिकटवलेल्या जागेवरून सुटते. बैलगाडीचा नळा वंगणाशिवाय मरतो, रबरी बुश वंगणाने मरतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

काही जुन्या जीपांच्या आणि ट्रकच्या शॅकलना पितळी बुश अन् ग्रीसचे निपल असते. तिथे ग्रीस दिलेच पाहिजे. निपल असेल तर ग्रीस, रबर दिसेल तर हात लावायचा नाही, ही सोपी खूण.

आधी दुखणे ओळखा

‘खालून टक टक वाजतंय’ म्हटले की काही गॅरेजांत सरसकट सगळे बुश बदलायला सांगतात. काही ठिकाणी उलट, नुसते नट आवळून गाडी परत देतात. दोन्हींत नुकसान मालकाचे. थोडी पारख आपल्यालाही हवी.

पहिली पारख सुतळीची. गाडी सपाट जागेवर उभी करा, पुढची चाके सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून माप घ्या. मग दुसऱ्या बाजूला तेच करा. दोन्ही मापे सारखी यायला हवीत. बोटभर फरक आला तर मागचे हौसिंग एका अंगाला सरकलेले आहे. बुश संपला असेल, पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला असेल, किंवा चॅसीच वाकली असेल. अशी गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी तिरकी चालते आणि मागून येणाऱ्याला ते दिसते.

दुसरी पारख हाताची. टायरवरून तळहात आडवा फिरवा. आतून बाहेर फिरवताना गुळगुळीत आणि बाहेरून आत फिरवताना करवतीसारखा खरखरीत लागला तर चाक सरळ चालत नाही. पुढच्या आर्मचा बुश गेल्याची ती एक खूण असू शकते. अलाइनमेंट नुसते बिघडले तरी टायर असाच झिजतो. म्हणून आधी बुश पाहावा, मग अलाइनमेंट करावे. सैल बुशावर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

तिसरी पारख टॉमीची. शॅकलच्या आणि आर्मच्या सांध्यात टॉमी घालून हलके उचकटून बघा. रबर दबले आणि परत जागेवर आले तर ठीक. आतली नळी रबरातून सुटून मोकळी हलत असेल, रबराचा भुगा पडत असेल, किंवा बोल्ट भोकाच्या मध्यावर न राहता एका कडेला टेकला असेल तर तो बुश संपला. वरवरच्या बारीक भेगा उन्हाने पडतातच, त्यावरून लगेच घाबरायला नको. भेग आत खोल गेली असेल तर मात्र बदला. आणि हे बघताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा. जॅक घसरून माणसे गेली आहेत.

कडक बुशाचा मोह

आता दुकानातली गोष्ट. काउंटरवर तीन जिन्नस समोर येतात. एक कंपनीचा किंवा नामांकित बनावटीचा रबरी बुश. दुसरा त्याच्यासारखाच दिसणारा, बऱ्याच कमी भावाचा. तिसरा लाल किंवा पिवळ्या रंगाचा, नायलॉनचा नाहीतर पॉलियुरेथेनचा, ज्याला पी.यू. बुश म्हणतात. ‘हा घ्या राव, लोखंडासारखा हाय, परत बघायला नको,’ असे म्हणून तो पुढे सरकवला जातो.

कडकपणा मोजायला ‘शोअर ए’ नावाचे माप आहे. कंपनीचा रबरी बुश साधारण ५० ते ७० भरतो, पी.यू. बुश ७० ते ९५. पी.यू.चे गुण नाकारायचे कारण नाही. तो तेलाने फुगत नाही, भाराखाली कमी दबतो आणि गाडी वळणावर घट्ट वाटते. शर्यतीच्या गाड्यांना तो घालतात ते उगाच नाही. पण शर्यतीची गाडी गुळगुळीत रस्त्यावर पळते, आणि परत आल्यावर मिस्त्री ती खोलून बघतो. आपली गाडी ऊस वाहतुकीने उखडलेल्या रस्त्यावरून रोज जाते आणि दिवाळीपर्यंत तिला पाना लागत नाही.

दुसरे असे की, पी.यू. बुश रबरासारखा चिकटवलेला नसतो. त्यात आतली नळी फिरते, म्हणून त्याला सिलिकॉनचे खास ग्रीस लागते. ते धुऊन गेले, त्यात चिखल-धूळ शिरली की तो ओरडतो आणि नळीही झिजवतो. पाटा नुसता वर-खाली होत नाही. एक चाक खड्ड्यात आणि एक उंचावर असले की तो पिळवटतो. रबर हा पीळ सोसते. कडक बुश सोसत नाही, मग तो ताण पुढे जातो पाट्यावर, बोल्टावर आणि शेवटी चॅसीच्या ब्रॅकेटवर. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचे ब्रॅकेट आधीच गंजलेले असते. बुश टिकला आणि ब्रॅकेट तडकले, तर वाचवले काय? बुश बदलता येतो, चॅसी वेल्डिंग करत बसावे लागते. रबराने झिजावे म्हणजे लोखंड टिकते. त्याची नेमणूकच त्यासाठी आहे.

कडक बुश कुठेच नको असेही नाही. जिथे हालचाल एकाच दिशेची आहे, जागा हाताला येण्याजोगी आहे आणि मालक वेळच्या वेळी ग्रीस देणारा आहे, अशा ठिकाणी, उदाहरणार्थ पुढच्या स्टॅबिलायझर बारला, तो चालून जातो. आर्मला आणि पाट्याच्या मुख्य डोळ्याला मात्र रबरच हवे.

स्वस्त नकली बुशाचे तर नावच नको. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. रबर नळीला सगळीकडून सलग चिकटलेले आहे का, नखाने दाबल्यावर लगेच परत येते का, आणि कडेला बारीक भेगा आहेत का. रबर शेल्फवरही म्हातारे होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ माल नवा नसतो. जुन्या टायरचे तुकडे कापून बुशाच्या जागी ठोकण्याचा जुगाडही अनेक ठिकाणी चालतो. त्याला आतली चिकटलेली नळी नसते, तो सरकतो, आणि बोल्ट भोक मोठे करत जातो. रस्त्यात अडकलात तर गावापर्यंत यायला तो ठीक. त्यावर हंगाम काढू नये.

डिफरन्शियलचे काय?

अलीकडे ‘डिफरन्शियलचे बुश बदला’ असेही ऐकू येते. ते कोणत्या गाडीला असतात आणि कोणत्या नाही, हे समजून घ्यावे. कमांडर, सुमो, बोलेरो, ओम्नी, तशीच जुनी अॅम्बॅसॅडर, या गाड्यांत डिफरन्शियल मागच्या हौसिंगमध्येच असते आणि हौसिंग यू-बोल्टने पाट्यांवर आवळलेले असते. त्याला वेगळे बुश नाहीत. क्लच सोडला की चाके पुढे जायला बघतात आणि हौसिंग उलटे पीळ खायला बघते. तो झटका पाटे आणि पाट्यांचे बुश अंगावर घेतात. म्हणून अशा गाडीत पाट्याचा बुश हाच एका परीने डिफरन्शियलचा बुश.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सला जोडूनच असते. तिथे हे काम इंजिनाच्या माउंटिंगवर येते. ज्या गाड्यांची मागची दोन्ही चाके स्वतंत्र हलतात आणि मागूनच ओढतात, त्यांत मात्र डिफरन्शियल बॉडीखाली स्वतःच्या रबरी बुशांवर टांगलेले असते. त्या बुशांना कडक पर्याय घातला की क्राउन-पिनियनचा घूं-घूं आवाज थेट सीटखाली येतो. रोज वापरायच्या गाडीला तिथेही कंपनीचा रबरीच बरा.

क्लच सोडताना ‘टक्क’ आवाज आला म्हणजे बुशच गेला असेही नाही. यू-बोल्ट सैल असतील, शाफ्टचा क्रॉस झिजला असेल, किंवा क्राउन-पिनियनमध्येच ढिलाई असेल. स्वस्तात तपासता येईल ते आधी तपासावे. प्रथम यू-बोल्ट, मग क्रॉस, मग बुश, आणि हौसिंग खोलणे सर्वांत शेवटी.

बसवण्यात सगळे आले

उत्तम बुश आणूनही तो सहा महिन्यांत फाटतो. मग ‘कंपनीचा मालच खराब’ असे आपण म्हणतो. बहुधा दोष बसवण्यात असतो.

जुना बुश निघत नाही म्हणून गॅस लावून पाट्याचा डोळा लाल करणे ही पहिली चूक. लोहार विळ्याला पाणी देतो तसे पाट्याच्या पोलादालाही पाणी दिलेले असते. लाल होईपर्यंत तापवला की ते पाणी उतरते आणि पाटा तिथेच मोडतो. बुश प्रेसवर काढावा आणि प्रेसवरच बसवावा. घणाने ठोकला की नळी वाकडी होते. रबर सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावावे, ऑइल नव्हे.

दुसरी गोष्ट खुणेची. पुढच्या आर्मच्या काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. ती कोणत्या दिशेला होती याची खडूने खूण करून मगच जुना काढावा. नवा उलटा बसला तर गाडीची चाल बदलते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पेचाची. गाडी जॅकवर, चाके लोंबकळलेली, अशा स्थितीत बोल्ट पक्का आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत धरले जाते. गाडी खाली उतरली की त्याला कायमचा पीळ पडतो, ओल्या धोतराला घालावा तसा. उभ्या गाडीतही ते ताणलेलेच राहते, आणि खड्ड्यात आणखी ताणले जाऊन लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढे-मागे ढकलून पाटे जागेवर बसू द्यावेत, आणि मग खड्ड्यात उतरून शेवटचा पेच आवळावा. या कामाला जास्तीची दहा-पंधरा मिनिटे लागतात. मिस्त्रींना तेवढा वेळ द्या आणि तेवढी मजुरीही द्या.

बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी लंगडी होते. पुढच्या आर्मचे बदलले की अलाइनमेंट करून घ्यावे. थोडे दिवस चालवून यू-बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत. आणि मोकळेपणाने सांगायचे तर, नऊ माणसांच्या गाडीत अठरा बसवली तर कोणताच बुश टिकणार नाही, मग तो रबराचा असो की सोन्याचा.

पंचायतीने काय करावे

हा विषय फक्त खासगी मालकांचा नाही. ग्रामपंचायतीची घंटागाडी असते, दूध संस्थेची गाडी असते, शाळेच्या पोरांसाठी ठरवलेली जीप असते. दुरुस्तीसाठी कोटेशन मागवले जाते, त्यात ‘बुश बदलणे, नग अमुक’ एवढेच लिहिलेले असते, आणि सर्वांत कमी दराचे मंजूर होते. कमी दर कशात बसतो, हे सांगायला नको. नियम पाळला जातो आणि गाडी पुन्हा तीच दुरुस्ती मागते.

यावर उपाय कागदावरच आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कोटेशन मागवतानाच चार ओळी लिहाव्यात. गाडीच्या मूळ पार्ट नंबरचा रबरी बुश हवा. दोन्ही बाजूंचे बदलावेत. प्रेसवर बसवावेत आणि गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत. काढलेले जुने बुश परत द्यावेत. मग तीन दर एकाच मालाचे येतील आणि त्यातला सर्वांत कमी घ्यायला हरकत उरणार नाही. जुने बुश परत मागितले की ‘बदलले’ म्हणून बिल लावण्याची वाटही बंद होते.

शाळेच्या पोरांसाठी गाडी ठरवताना शाळा व्यवस्थापन समितीने भाड्याइतकीच चौकशी गाडीच्या खालच्या बाजूची करावी. विमा आणि फिटनेसचे कागद बघावेतच. पण कागद ज्या दिवशी मिळाला त्या दिवसाचा असतो, रस्ता रोजचा असतो. सुतळी आणि टॉमी घेऊन पाच मिनिटे गाडीखाली बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

बहुतेक जुन्या जीपांना मागच्या पाट्यांचे सगळे बुश मिळून टायरच्या एका जोडीपेक्षा कमी खर्च येतो, आणि खराब बुश ती जोडी अकाली खातो. हिशेब शेतकऱ्याला शिकवायला नको. पावसाळा संपला, रस्ते वाळले, की सुगीच्या आधी एक दिवस गाडीला द्यावा. खाली वाकून बघावे. आणि दुकानदार ‘लोखंडासारखा’ बुश पुढे करू लागला तर सांगावे, लोखंड गाडीत भरपूर आहे, आम्हाला रबर द्या.